ब्राझील आणि वर्णभेद : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

साओ पावलोत राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. सुट्टीत पुण्याला आलं की कॉफी, कार्निव्हल आणि फुटबॉल हे तीन विषय पहिल्या अर्ध्या तासात उरकतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, "तिकडे काळं-गोरं असलं काही नसेल ना?" दर वेळी अर्धवट उत्तर देऊन मी चहा संपवते. यंदा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

'वर्णभेद' हा शब्द मी इथे कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदभावासाठी वापरलाय. आपल्याकडे 'वर्ण' म्हटलं की आणखी एक यादी डोळ्यांपुढे येते. तिचाही विषय पुढे निघेल, कारण विचारणारे तो काढतातच.

ब्राझीलमध्ये वर्णभेद नाहीच असं ऐकलं होतं. खरं काय?

तुम्ही ऐकलंत ते ब्राझीलनंच जगाला सांगितलेलं. दक्षिण आफ्रिकेत किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत होते तसे वेगळे बाक, वेगळे नळ, वेगळे डबे ठरवणारे कायदे स्वतंत्र ब्राझीलमध्ये विसाव्या शतकात नव्हते. काळ्या-गोऱ्यांची लग्नं सर्रास होत. १९३० नंतर जिल्बेर्तो फ्रेयरेंसारख्या विचारवंतांच्या लिखाणातून असं चित्र उभं राहिलं की पोर्तुगीज, आफ्रिकी आणि मूळ रहिवासी इथे एकमेकांत मिसळून गेले. 'वांशिक लोकशाही' हे त्या चित्राचं पुढे रूढ झालेलं नाव.

गंमत अशी की १९५०च्या सुमारास युनेस्कोनं इथे संशोधन करवलं ते 'यांना कसं जमलं' हे जगाला दाखवायला. फ्लोरेस्तान फेर्नांदेससारखे समाजशास्त्रज्ञ उलटंच उत्तर घेऊन आले : भेदभाव आहे, फक्त त्याचं नाव घ्यायची पद्धत नाही.

हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. "आमच्याकडे जातपात अजिबात पाळत नाहीत हो," म्हणणाऱ्या घरातही कामवाल्या बाईंचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला आपण पाहिलेला असतो.

कायदाच नव्हता तर भेदभाव चालायचा कसा?

लिफ्टनं.

थट्टा नाही करत. मी राहते ती इमारत जुनी आहे. तळमजल्यावर दोन लिफ्ट. एकीवर 'सोसियाल' लिहिलंय, तिच्यापुढे संगमरवर, आरसा, कुंडीतलं झाड. दुसरीवर 'सेर्विसु', ती मागच्या बोळातून, कचऱ्याच्या पिंपांजवळून, आणि वर गेल्यावर थेट स्वयंपाकघराच्या दाराशी उघडते. पाहुणे आणि मालक पुढून, मोलकरणी, सुतार, पार्सलवाले मागून. कुणीही 'काळ्यांना बंदी' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण नीटनेटक्या कपड्यातली काळी बाई पुढच्या लिफ्टपाशी आली की द्वारपाल आपसूक तिला मागचा रस्ता दाखवायचा. ती डॉक्टर असली तरी.

म्हणून १९८९च्या वर्णभेदविरोधी कायद्यात एक अख्खं कलम, अकरावं, या विषयाला दिलंय : इमारतीच्या पुढच्या प्रवेशद्वारातून, लिफ्टमधून किंवा जिन्यावरून वर्णामुळे कुणाला अडवलं तर एक ते तीन वर्षं कैद. १९९६मध्ये साओ पावलो महापालिकेनं त्यापुढे जाऊन नियम केला की प्रत्येक लिफ्टबाहेर पाटी हवी : वंश, लिंग, रंग, मूळ, सामाजिक स्थिती, वय, अपंगत्व यांवरून लिफ्टच्या वापरात भेदभाव केल्यास दंड. आमच्याकडे ती दोन्ही लिफ्टना आहे, बटणांच्या वर, चार स्क्रूंनी ठोकलेली.

आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाई पहिल्या वर्षी पाटीखाली उभ्या असताना मी त्यांना म्हटलं, "चला, याच लिफ्टनं जाऊ." त्या म्हणाल्या, "नको, हातात बादली आहे." परतताना बादली नव्हती. तरी त्या मागनंच गेल्या.

पुण्या-मुंबईच्या नव्या सोसायट्यांत 'घरकामगार आणि डिलिव्हरीसाठी सर्व्हिस लिफ्ट' असे कागद चिकटवलेले मी पाहते, तेव्हा ती पाटी आठवते. आपल्याकडे कागद आहे, पाटी नाही.

गुलामगिरी अमेरिकेत होती ना? ब्राझीलचा काय संबंध?

संबंध अमेरिकेपेक्षा मोठा. अटलांटिक ओलांडून आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४८ लाख माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरली. आज जिला आपण अमेरिका म्हणतो तिथे थेट उतरलेल्यांचा आकडा चार लाखांच्या आत आहे. रिओ दि जानेरोचा वालोंगू धक्का २०११मध्ये बंदराच्या डागडुजीत मातीखाली सापडला. एकट्या त्या धक्क्यावर सुमारे नऊ लाख माणसं उतरवली गेली असा अंदाज आहे. २०१७पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. दगडांचं साधं फरसबंद आवार, बघायला काहीच नाही, आणि पाय मात्र पुढे टाकवत नाही.

अमेरिका खंडात गुलामगिरी सगळ्यांत शेवटी बंद करणारा देश ब्राझील. १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेलनं सही केलेल्या कायद्यात फक्त दोन कलमं आहेत. पहिलं : आजपासून ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली. दुसरं : याच्या विरोधातले सगळे नियम रद्द. बस. जमीन नाही, शाळा नाही, भरपाई नाही, ज्या मळ्यावर राबले तिथे राहायचा हक्क नाही. सरकारी जमीन विकतच घ्यावी लागेल असा नियम १८५०मध्येच करून ठेवलेला होता. आणि त्याच सुमारास सरकार तिकिटाचे पैसे भरून इटलीतून मजूर आणत होतं. म्हणजे मुक्त झालेला माणूस १४ मेच्या सकाळी उठला तेव्हा त्याच्याजवळ फक्त स्वतःचं शरीर होतं, आणि त्याच्या कामावर दुसऱ्याची नेमणूक चालू होती.

आता मराठी वाचकासाठी एक तारीख. इझाबेलच्या सहीआधी दोनच दिवस, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या सभेत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी १८७३मध्ये अर्पण केला होता अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. तेव्हा ब्राझीलच्या गुलामांना अजून पंधरा वर्षं थांबायचं होतं.

मग वर्णभेदाविरुद्धचा पहिला कायदा कधी आला?

१९५१मध्ये, आणि एका परदेशी पाहुणीमुळे. कॅथरीन डनहॅम ही नावाजलेली आफ्रिकी-अमेरिकी नर्तिका १९५०मध्ये साओ पावलोत कार्यक्रमासाठी आली. शहरातल्या एका बड्या हॉटेलनं तिला खोली नाकारली. तिनं ते चारचौघांत सांगितलं, वर्तमानपत्रांत गाजलं, देशाची जगात छी-थू झाली. खासदार अफोन्सो आरिनोस यांनी विधेयक मांडलं आणि ३ जुलै १९५१ला कायदा झाला. इथल्या काळ्या माणसांना वर्षानुवर्षं हॉटेलं आणि नोकऱ्या नाकारल्या जात होत्याच, पण संसदेला जाग आली पाहुणीचा अपमान झाल्यावर. असं होतं खरं.

त्या कायद्यानं वर्णभेदाला किरकोळ अपराधाच्या वर्गात टाकलं, रात्री दंगा केल्याच्या पंक्तीला. शिक्षा झाल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी.

खरी हालचाल १९७८ची. लष्करी राजवट चालू असताना ७ जुलैला साओ पावलोच्या म्युनिसिपल थिएटरच्या पायऱ्यांवर लोक जमले. एका काळ्या तरुणाचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीत मृत्यू झाला होता, आणि चार काळ्या मुलांना एका क्लबाच्या संघात खेळू दिलं नव्हतं. त्या सभेतून उभ्या राहिलेल्या संयुक्त कृष्णवर्णीय चळवळीनं पुढची दहा वर्षं जी मागणी लावून धरली, ती १९८८च्या नव्या राज्यघटनेत उतरली.

राज्यघटनेत नेमकं काय आहे?

पाचव्या कलमाचं ४२वं उपकलम : वर्णद्वेष हा अजामीनपात्र गुन्हा आहे, त्याच्या खटल्याची मुदत कधीच संपत नाही, आणि शिक्षा कैदेची. मुदत संपत नाही म्हणजे चाळीस वर्षांनीही खटला उभा राहू शकतो. खुनाच्या खटल्यालाही ब्राझीलमध्ये कालमर्यादा आहे, यावरून वजन लक्षात येईल.

हे तत्त्व प्रत्यक्षात आणणारा कायदा ५ जानेवारी १९८९चा. तो मांडणारे कार्लोस अल्बेर्तो काओ हे रिओचे काळे पत्रकार-खासदार, म्हणून त्याला 'काओ कायदा' म्हणतात. दुकान, हॉटेल, शाळा, केशकर्तनालय, नोकरी, लष्कर आणि वर सांगितलेली लिफ्ट : कुठे अडवलं तर किती वर्षं, अशी यादीच आहे.

इतका कडक कायदा, मग तुरुंग भरले असतील?

नाहीत, आणि याचं कारण वकिलांनी शोधलेल्या फटीत आहे. मला स्वतःला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काओ कायद्यात 'अडवणं' होतं, 'शिवी देणं' नव्हतं. ती उणीव भरायला १९९७मध्ये दंडसंहितेत 'वांशिक अपमान' नावाचा वेगळा गुन्हा घातला : एक ते तीन वर्षं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पोलीस ठाण्यात प्रत्येक तक्रार या हलक्या खान्यात पडू लागली. युक्तिवाद ठरलेला : "साहेबांनी संपूर्ण काळ्या समाजाला थोडंच काही म्हटलं? या एका बाईंना म्हटलं." समाजाला म्हटलं तर वर्णद्वेष, अजामीनपात्र. एकीला म्हटलं तर अपमान, जामीन मिळतो, मुदतही संपते. आणि माणूस शिवी देतो ती नेहमी समोरच्या एकालाच देतो. अॅट्रॉसिटीच्या तक्रारी ठाण्यातच कशा पातळ केल्या जातात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

ही फट बुजवली एका पेट्रोल पंपानं. ब्रासिलियात एका वयस्क बाईंना पंपावर चेकनं पैसे द्यायचे होते. तिथली कर्मचारी म्हणाली, चेक चालत नाही. बाईंनी तिच्या रंगावरून नको ते ऐकवलं. शिक्षा झाली, अपिलं चालली, आणि मग बचाव आला की वय सत्तरीपुढे असल्यानं मुदत निम्मी होते, म्हणून खटला आपोआप संपला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑक्टोबर २०२१मध्ये न्यायालयानं सांगितलं की एका व्यक्तीचा वर्णावरून केलेला अपमान हासुद्धा वर्णद्वेषच, त्याला मुदत नाही. ११ जानेवारी २०२३ला संसदेनं केलेला बदल लागू झाला : गुन्हा काओ कायद्यात हलवला, शिक्षा दोन ते पाच वर्षं. मैदानात किंवा कार्यक्रमात केला तर वर तीन वर्षं तशा ठिकाणी जायला बंदी.

त्याआधी २००३मध्ये याच न्यायालयानं ज्यूद्वेषी पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाच्या खटल्यातही असाच पाया घातला होता. प्रकाशकाचं म्हणणं, ज्यू हा वंशच नाही, मग वंशद्वेष कसला? न्यायालयाचं उत्तर : जीवशास्त्रात माणसांचे वंश नसतातच. वंश समाज बनवतो, आणि समाज ज्या भिंती बांधतो त्यांचाच हा कायदा आहे.

ब्राझीलचा फुटबॉलपटू व्हिनिसियस, त्याचं प्रकरण काय होतं?

ते स्पेनमधलं. मे २०२३मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याला माकड म्हणून हिणवलं. दुसऱ्या दिवशी रिओच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याचे दिवे त्याच्यासाठी काही वेळ मालवले गेले. वर्षभरानं तिघा प्रेक्षकांना स्पॅनिश कोर्टानं आठ महिन्यांची शिक्षा दिली. इकडे रिओ राज्यानं त्याच्या नावाचा कायदा केला, अशा वेळी सामना थांबवता यावा म्हणून. दिवे मालवणाऱ्या ब्राझीलच्या स्वतःच्या मैदानांवरही हेच आवाज निघतात, हे इथले लोक लगेच जोडतात.

कोण काळं आणि कोण गोरं, हे ठरवतं कोण?

जनगणनेत : तुम्ही स्वतः. पाच खाने आहेत. ब्रांको म्हणजे गोरा, प्रेतो म्हणजे काळा, पार्दो म्हणजे मधला, आमारेलो म्हणजे जपान-चीन-कोरियाकडचा, आणि इंदिजेना म्हणजे मूळ रहिवासी. १९७६च्या एका सरकारी पाहणीत खाने न देता 'तुमचा रंग कोणता?' एवढंच विचारलं, तर सव्वाशेहून जास्त उत्तरं आली. दालचिनी, कॉफी, समुद्रकिनारी रापलेला... 'गव्हाळ', 'निमगोरी', 'सावळी पण तरतरीत' अशा जाहिराती वाचत मोठी झालेली मी, मला नवल वाटलं नाही. नकोसा शब्द टाळायला माणसाची भाषा किती श्रीमंत होते!

चळवळीनं म्हणूनच लोकांच्या मागे लागून मोजणी करवून घेतली : लाजू नका, खरा खाना भरा. २०२२च्या जनगणनेत पार्दो ४५.३ टक्के, गोरे ४३.५ आणि काळे १०.२ टक्के भरले. पार्दो हा सर्वांत मोठा गट झाला. काळे आणि पार्दो मिळून कायद्यात 'नेग्रो' म्हणतात. हा शब्द इंग्रजीत आता अपमानकारक आहे, पोर्तुगीजमध्ये अभिमानाचा, तेव्हा ऐकून दचकू नका.

तिकडे आरक्षण आहे का?

आहे, आणि आपल्यापेक्षा शंभर वर्षांनी आलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या १९०२मध्ये. रिओच्या राज्य विद्यापीठात कोट्यातून पहिली भरती २००३ची, ब्रासिलिया विद्यापीठाची २००४ची. विरोधात एक राजकीय पक्ष कोर्टात गेला. एप्रिल २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं कोटा वैध ठरवला आणि ऑगस्टमध्ये देशभराचा कायदा आला.

त्याचं गणित वेगळं आहे. समजा केंद्रीय विद्यापीठात १०० जागा आहेत. त्यांतल्या ५० सरकारी शाळेत शिकलेल्यांना. त्या पन्नासातल्या २५ गरीब घरांतल्यांना. आणि या दोन्ही भागांत काळे, पार्दो, मूळ रहिवासी यांचा वाटा त्या राज्यातल्या लोकसंख्येइतका. बाहियात दहांतले आठ लोक काळे किंवा पार्दो, तर दक्षिणेच्या सांता कातारिनात चारांतले तीन गोरे, म्हणून वाटाही तसा बदलतो. मुळात अट शाळेची आहे हे विसरू नका : खासगी शाळेत शिकलेल्या काळ्या श्रीमंत मुलाला या कायद्याचा उपयोग नाही, आणि सरकारी शाळेतल्या गरीब गोऱ्याला आहे. 'क्रीमी लेयर'वरून आपल्याकडे जो वाद चालतो त्यातला बराचसा इथे सुरुवातीलाच टळला.

केंद्र सरकारी नोकऱ्यांत २०१४पासून २० टक्के जागा होत्या. जून २०२५च्या कायद्यानं त्या ३० टक्के केल्या आणि त्यात मूळ रहिवासी आणि किलोंबोंतले लोकही घेतले. किलोंबो म्हणजे पळालेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्त्या. त्यांतल्या लोकांची मोजणी २०२२मध्ये पहिल्यांदा झाली, तेरा लाखांहून जास्त निघाले.

मग खोटे दाखले? जात पडताळणीसारखं काही असतं का?

असतं, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ते पाहून चक्कर येईल.

आपल्याकडे समितीपुढे कागद लागतात. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०चा. मग पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा, मोडीतल्या नोंदी वाचून घ्या, तलाठ्याकडे खेपा घाला. ब्राझीलमध्ये एकही कागद चालत नाही. पाच जणांची समिती असते, त्यांच्यात स्त्री-पुरुष, वेगवेगळ्या रंगांचे आणि प्रांतांचे लोक असावेत असा नियम आहे. कॅमेरा चालू करतात. उमेदवार खुर्चीत बसतो, किंवा उभा राहतो, आणि सांगतो : मी स्वतःला नेग्रो समजतो. समिती त्याच्याकडे बघते. कातडी, केस, नाक, ओठ. आजी काळी होती याचा फोटो दाखवला तरी तो बघायचा नाही असं सरकारी परिपत्रकच आहे. नापास झालात तर दुसऱ्या समितीकडे अपील, तीही फक्त बघते.

विचित्र वाटतं, पण त्यामागे विचार आहे. ओरासी नोगेरा या समाजशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात एक फरक सांगितला होता : अमेरिकेतला द्वेष मुळाचा, ब्राझीलमधला खुणेचा. अमेरिकेत पणजी काळी असली की तुम्ही काळे. ब्राझीलमध्ये दुकानातला रखवालदार तुमची पणजी विचारत नाही, चेहरा बघून मागे लागतो. जो भेदभाव चेहरा बघून होतो, त्याची भरपाईही चेहरा बघूनच. आपली जात चेहऱ्यावर नसते, आडनावात आणि वाडीत असते. म्हणून आपली समिती कागद हुंगते.

फसगत होतेच. २००७मध्ये ब्रासिलिया विद्यापीठात एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांनी अर्ज केले. तेव्हा फोटो पाहून ठरवत असत. एक भाऊ नेग्रो ठरला, दुसरा नाही! देशभर हसं झालं, आणि पुढे फोटोऐवजी समोरासमोर बघायची पद्धत पक्की झाली. माझा स्वतःचा कौल विचाराल तर, पाच जण आपल्या नाकाकडे टक लावून बघताहेत हे मला सहन होणार नाही. पण समिती नव्हती तेव्हा निळ्या डोळ्यांची मुलं कोट्यातून डॉक्टर व्हायला निघाली होती, हेही तितकंच खरं. पार्दोंमधले फिक्या रंगाचे उमेदवार मध्ये अडकतात, आणि कोर्टात जातात.

गुणवत्ता घसरली का?

कोट्यातल्या मुलांचे निकाल इतरांच्या आसपासच राहिले असं बहुतेक पाहण्यांत दिसतं. २०१८मध्ये सरकारी विद्यापीठांत काळ्या-पार्दो विद्यार्थ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्यावर गेलं, ५०.३ टक्के.

हे सगळं एकदम २००० नंतरच कसं सुरू झालं?

२००१च्या डर्बन परिषदेमुळे बऱ्याच अंशी. संयुक्त राष्ट्रांची वर्णद्वेषाविरुद्धची ती परिषद. ब्राझीलच्या काळ्या संघटना, विशेषतः बायकांच्या, महिनोन्महिने तयारी करून गेल्या. सरकारला जगापुढे मान्य करावं लागलं की आमच्याकडे वर्णभेद आहे, आणि कोट्याची भाषा करावी लागली. २००३मध्ये वांशिक समानतेचं स्वतंत्र सचिवालय झालं, २०१०मध्ये समानतेची संहिता, २०२३मध्ये पूर्ण मंत्रालय.

त्याच डर्बनमध्ये भारतातल्या दलित संघटनाही गेल्या होत्या. जातीचा प्रश्न जाहीरनाम्यात यावा ही त्यांची मागणी. भारत सरकारची भूमिका : जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत विषय. जात आली नाही. 'कास्ट' हा इंग्रजी शब्द आला पोर्तुगीज 'कास्ता'वरून, आणि तो आपल्या जातींना चिकटवला गोवा-मलबारच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी. पाव, चावी, पगार आणि ब्राझीलहून आणलेला काजू आपल्याला देऊन गेलेल्या लोकांनी.

घरकाम करणाऱ्या बायकांचं काय?

१९४३च्या कामगार संहितेतून घरकामगारांना नाव घेऊन वगळलं होतं. त्यांत बहुसंख्य काळ्या बायका. लौदेलिना दि कांपोस मेलो यांनी सान्तोसमध्ये त्यांची पहिली संघटना १९३६मध्ये काढली. आठ तासांचा दिवस आणि जादा तासांचे पैसे मिळायला घटनादुरुस्ती व्हावी लागली, एप्रिल २०१३मध्ये. सत्त्याहत्तर वर्षं. तेव्हा इथल्या बैठकांच्या खोल्यांतून जो आक्रोश झाला, "आता बाई ठेवणं परवडणारच नाही," तो मी मराठीतही ऐकलेला आहे.

२० नोव्हेंबरची सुट्टी कसली?

पळालेल्या गुलामांच्या पाल्मारेस या वसाहतीचा नेता झुंबी १६९५मध्ये त्या दिवशी मारला गेला. १९७१मध्ये पोर्तो आलेग्रेतल्या एका छोट्या गटानं म्हटलं, राजकन्येच्या सहीचा १३ मे आमचा सण नाही, हा आहे. देशभर सुट्टी व्हायला २०२४ उजाडलं.

इतकं करून फरक पडला का?

विद्यापीठात पडला. बाकी ठिकाणी आकडे निष्ठुर आहेत. २०२१मध्ये गोऱ्या कामगाराची सरासरी महिन्याची कमाई ३,०९९ रेयाल, काळ्याची १,७६४, पार्दोची १,८१४. देशात खून होणाऱ्या दर चार जणांतले तीन काळे किंवा पार्दो. पोलिसांच्या हातून २०२३मध्ये सहा हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांतही पाचांत चार काळे-पार्दो. २०२०मध्ये पोर्तो आलेग्रेतल्या एका सुपरमार्केटच्या आवारात रखवालदारांनी एका काळ्या ग्राहकाला मारहाण करून ठार केलं, ते १९ नोव्हेंबरला, झुंबीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी.

शाळांत आफ्रिकी-ब्राझिली इतिहास शिकवणं २००३पासून सक्तीचं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत तो नोव्हेंबरात येतो आणि डिसेंबरात जातो.

भारतात असा कायदा आहे?

घटनेच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द आहेत, पण वर्णद्वेषी शिवीगाळीसाठी स्वतंत्र कायदा नाही. जातीसाठी अॅट्रॉसिटी कायदा आहे, तोही १९८९चाच, काओ कायद्याच्या वर्षीचा. २०१४मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर बेझबरुआ समितीनं ईशान्येकडच्या लोकांवरच्या वांशिक शेरेबाजीविरुद्ध कायद्यात तरतूद सुचवली होती.

मी ब्राझीलला येणार आहे. फॉर्मवर रंग काय लिहू?

पर्यटकाला कुणी विचारत नाही. इथे राहायला आलात तर मात्र सरकारी दवाखान्यातसुद्धा विचारतात, ती नोंद सक्तीची आहे. मी पहिल्यांदा लस घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी नाव, जन्मतारीख, पत्ता टाइप केला आणि मान वर न करता म्हणाल्या, "रंग?"

मी म्हटलं, "इंदियाना." भारतीय.

"इंदिजेना? कुठल्या जमातीच्या?"

"नाही, नाही. भारतातली. इंडिया."

आता त्यांनी वर बघितलं, नीट, अगदी त्या समितीसारखं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. पाच शब्द, त्यांपुढे पाच गोल. मागे रांग लागली होती. "मी नाही सांगू शकत हो," त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगायचं असतं."

मी पार्दोवर बोट ठेवलं. त्यांनी टिकटिक केलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताची बाही वर करून बसा."